पुन्हा पृथ्वीवरच का?

‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’ या खेळण्यांवरील नव्या चित्रपटाच्या प्रदर्शनासाठी ५ जून २०२६ ही तारीख जाहीर झाल्यापासून माझ्यासारख्या जुन्या चाहत्याला आनंदापेक्षा धास्तीच अधिक वाटते आहे. निकोलस गॅलिट्झीन नायक ही-मॅन आणि जॅरेड लेटो खलनायक स्केलेटर होणार, याविषयी माझी फारशी तक्रार नाही. शंका आहे ती कथेविषयी. जाहीर झालेल्या कथासूत्रानुसार राजपुत्र ॲडम लहानपणीच पृथ्वीवर येऊन पडतो, ज्या तलवारीच्या बळावर तो ही-मॅन बनतो ती त्याच्यापासून दुरावते आणि मोठेपणी ती सापडल्यावर तो एटर्निया या आपल्या ग्रहावर परततो.

म्हणजे पुन्हा पृथ्वी आलीच. १९८७ साली कॅनन फिल्म्सने काढलेल्या चित्रपटात डॉल्फ लुंडग्रेन ही-मॅन झाला होता आणि खर्च आवाक्यात राहावा म्हणून कथेचा मोठा भाग कॅलिफोर्नियातल्या एका लहानशा गावात घडवला होता. त्यात ही-मॅनचा वाघ बॅटल कॅट नव्हता, राजपुत्र ॲडमचा उल्लेखही नव्हता आणि हवेत तरंगणारा जादूगार ऑर्को पडद्यावर आणणे अवघड असल्यामुळे त्याच्या जागी ग्विल्डॉर नावाचा बुटका संशोधक उभा केला होता. फ्रँक लँगेलाचा स्केलेटर मात्र आजही आवर्जून पाहावा असा आहे. नामावली संपल्यावर तो परत येण्याची धमकी देतो, पण चित्रपट आपटल्यामुळे दुसरा भाग काही निघाला नाही. तेव्हाच्या निर्मात्यांना निदान पैशांच्या चणचणीची सबब होती.

एटर्निया मुळात कसे घडले, हे लक्षात घेतले तर माझी शंका अधिक स्पष्ट होईल. मॅटेल या खेळणी कंपनीने १९८२ मध्ये ही खेळणी बाजारात आणली, तेव्हा सोबतच्या छोट्या चित्रपुस्तिकांमध्ये ही-मॅन हा रानातली टोळी सोडून निघालेला योद्धा होता. राजपुत्र ॲडम नंतर आला. बॅटल कॅट हा तर मॅटेलच्याच ‘बिग जिम’ या खेळण्यांच्या जुन्या मालिकेतला वाघ होता. ही-मॅनच्या मापाने तो फारच मोठा ठरत होता, म्हणून त्याच्यावर खोगीर चढवून त्याला वाहन करण्यात आले. जादूटोणा, किरणांच्या बंदुका आणि कवटीच्या आकाराचा किल्ला एकाच जगात नांदतात, कारण मुले खेळताना असलेच सगळे एकत्र मांडतात. आपल्याकडे दूरदर्शनवर ही-मॅनची कार्टून मालिका पाहणाऱ्या आणि लिओ या कंपनीने भारतात काढलेल्या बाहुल्यांशी खेळणाऱ्या मुलांना हे जग कोणी समजावून द्यावे लागले नव्हते. प्रेक्षकाला एटर्नियात नेण्यासाठी पृथ्वीवर वाढलेला नायक हवाच, असे ज्यांना वाटते, त्यांना त्या जगाचा थोडा संकोच वाटत असावा, असा माझा संशय आहे.

याला एक रास्त उत्तर आहे. फिल्मेशन या कंपनीने काढलेल्या त्या कार्टून मालिकेत ॲडमची आई, राणी मार्लेना, ही पृथ्वीवरून आलेली अंतराळवीर आहे, त्यामुळे पृथ्वीचा धागा अगदीच उपरा म्हणता येणार नाही. तरीही तिथे तो कडेला राहतो, कथा त्यावर उभी नसते.

दिग्दर्शक ट्रॅव्हिस नाइट यांनी २०१८ मध्ये ‘बम्बलबी’ काढला होता, आणि एक मुलगी व एक मोटार यांच्यापुरती गोष्ट आटोपशीर ठेवून त्यांनी ट्रान्सफॉर्मर्स या यंत्रमानवांच्या चित्रपटांतला खणखणाट बराच कमी केला होता, त्यामुळे मी अगदीच निराश नाही. परंतु ट्रान्सफॉर्मर्सना पृथ्वी लागतेच, कारण इथल्या गाड्यांच्या रूपात लपणे हाच त्या खेळण्यांचा गाभा आहे. ही-मॅनचे पृथ्वीवाचून काहीच अडत नाही. ॲडमचे इथले आयुष्य पहिल्या वीसेक मिनिटांत आटोपले तर माझी हरकत नाही. मध्यंतर झाले तरी बॅटल कॅटवर खोगीर चढलेले नसेल, तर मात्र १९८७ चीच चूक अधिक पैसे ओतून केली, असे मी समजेन.