खासगी जेटची उजवी सीट

"खासगी जेटवर नोकरी लागते कशी?" हा प्रश्न मला सारखा येतो. जाहिरात बघून क्वचितच. हे वर्तुळ लहान, सगळे सगळ्यांना ओळखून. माझं नाव माझ्या जुन्या इन्स्ट्रक्टरने पुढे केलं. मुलाखतीत चीफ पायलटने उड्डाणाबद्दल जेमतेम विचारलं; या बाईबरोबर चार दिवस परक्या गावात काढता येतील का, एवढंच त्याला बघायचं होतं!

कमर्शियल लायसन्सवर भागत नाही. जेटसाठी टाइप रेटिंग, म्हणजे त्या ठरावीक प्रकारचं विमान उडवायची वेगळी परवानगी लागते आणि ती महाग असते. कंपनीने खर्च केला तर बहुधा बाँड लिहून घेते. सही करण्याआधी एकच बघा: नोकरी मध्येच सोडली तर भरायची रक्कम महिन्यागणिक कमी होते की नाही.

फेनम ३०० हे छोटं खासगी जेट एका पायलटने उडवायला प्रमाणित आहे, तरी बरेच मालक दोघं ठेवतात. नवख्यांची वर्णी तिथेच लागते. उजव्या सीटवरचं, म्हणजे को-पायलटचं काम म्हणजे बॅगा रचणं, बर्फ-कॉफी बघणं, प्रवासी उतरले की सीटबेल्ट नीट आडवे लावणं. टॉयलेटसुद्धा. (एअरलाइनमधले मित्र हसतात. हसू देत.)

एटीपीएलसाठी (पायलटचं सर्वात वरचं लायसन्स) साधारण १५०० तास हवेत, आणि इथे ते रडतखडत जमतात, कारण मालकाची मीटिंग संपेपर्यंत विमान उभंच. शिवाय तास भरले म्हणून डावी, म्हणजे कॅप्टनची सीट मिळतेच असं नाही. विमा कंपनी त्याच प्रकारच्या विमानावरचे तास वेगळे मोजते. म्हणून पहिली नोकरी निवडताना मी पगारापेक्षा विमान महिन्याला किती उडतं ते आधी विचारलं.