मनगटाच्या मापाचं भांडं

आई गेल्यावर काही महिन्यांतच तिचा चेहरा आठवायला मला फोटो लागायला लागला. जाण्यापेक्षा मला याचीच धास्ती जास्त. रडू येत नव्हतंच. पॉटरीच्या वर्गाला नाव घातलं ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे. संध्याकाळचे दोन तास कुठेतरी घालवायचे होते, इतकंच.

पहिले सहा आठवडे चाकावर गेले, म्हणजे वाया गेले. कोपर मांडीला टेकवून, श्वास रोखून बसले तरी गोळा मधोमध येईना. शेवटी मॅडमनी चाक बंद केलं आणि लाटलेली माती पुढे ठेवली. "फरशी कर."

फरशी उचलताना एक कोपरा वाकला. मी लगेच दाबून सपाट केला. भट्टीतून आली तेव्हा नेमका तोच कोपरा वर! मातीचे कण चपटे असतात. वाकवलं की त्या जागी त्यांची मांडणी बदलते, आणि वरून सरळ दिसली तरी ती जागा सुकताना, भाजताना वेगळी आकसते. मॅडम याला 'मातीची स्मृती' म्हणायच्या. मला तो शब्द जरा नाटकीच वाटला होता.

मग कॉइलचं काम आलं. मातीच्या वळ्या एकावर एक रचायच्या, सांध्यावर ओरखडे काढून स्लिप, म्हणजे पातळ कालवलेली माती, लावायची. उभं, अरुंद भांडं होत होतं. "डोळे मीट आणि जाडी चाचपून बघ," मॅडम म्हणाल्या. मी भांड्याला बाहेरून विळखा घातला आणि तशीच थांबले. अंगठा आणि मधलं बोट जेमतेम टेकत होतं. आईचं मनगट! पलंगावरून उठवताना दिवसातून दहादा धरलेलं. डोळे जे विसरले होते ते हाताला पाठ होतं. रडू आलं ते तिथे, सगळ्यांसमोर. हात मातीने भरलेले, नाक पुसायचीही सोय नाही.

ते भांडं दहा दिवस प्लास्टिकखाली हळूहळू सुकवलं. आत ओल राहिली तर भट्टीत वाफ होऊन फुटतं, म्हणून रोज गालाला लावून बघायचं: गार लागलं की अजून ओलं आहे. एवढ्या वेळा मी कशालाच गाल लावला नसेल. 573 अंशांच्या आसपास मातीतलं क्वार्ट्झ एकदम फुगतं, तिथेही भट्टी घाईने तापवून चालत नाही. पहिली भाजणी निभावली. ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, लावलं नाही, तसंच दुसऱ्या भाजणीला 1220 अंशांना दिलं.

आमची माती सुकून भाजून साधारण 12 टक्के आकसते, हे मला माहीत होतं. वहीत लिहूनही ठेवलं होतं. तरी भट्टी उघडल्यावर आधी विळखाच घातला. मधल्या बोटाचं अख्खं पेर अंगठ्याखाली गेलं. शेवटच्या महिन्यात जायचं, तसंच.