सेसनॉक : द्राक्षमळ्यांचे दार आहे, पण आत जायला वाहन नाही

ऑस्ट्रेलियातील सेसनॉकला हंटर व्हॅलीच्या वाइनप्रदेशाचे प्रवेशद्वार म्हणतात आणि नकाशा पाहता ते पटतेही. मात्र या दारातून आत जायचे कसे, हे मुक्कामाच्या जाहिराती सांगत नाहीत. कोळशाच्या भरभराटीत सुरू झालेली प्रवासी रेल्वे १९७२ मध्ये बंद पडली, त्यामुळे सिडनीहून आधी न्यूकॅसल, तिथे गाडी बदलून मेटलंड आणि पुढे बस, असा द्राविडी प्राणायाम करावा लागतो.

आमच्या हॉटेलने ‘मळे चालत जाण्याच्या अंतरावर’ असे छापले होते. वाइनरींची खरी दाटी आहे पोकॉलबिनला, म्हणजे दहाएक किलोमीटरवर. आम्ही चालणारी माणसे, म्हणून निघालो. पण पदपथ मध्येच संपतो, पुढे कडेच्या वाळक्या गवतातून चालावे लागते, सावलीचे नाव नाही, माश्या डोळ्यांत शिरतात आणि गाड्या अंगावरून गेल्यासारख्या जातात. हा रस्ता पायी करू नये, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. परतताना टॅक्सीवाल्याने मीटर न टाकता नव्वद डॉलर मागितले आणि संध्याकाळी पर्याय नसल्याने आम्ही ते मुकाट दिले. भाडे जाण्यापूर्वी, येण्याजाण्याचे एकत्र ठरवावे. स्वतः गाडी चालवणार असाल तर पूर्ण परवानाधारकालाही रक्तातील मद्याची मर्यादा ०.०५ टक्के आहे आणि पोलीस रस्त्यात कोणालाही थांबवून तपासतात. तेव्हा चालकाने चाखण्याचा मोह सोडावा किंवा सर्वांनी सहलीच्या बसचे पैसे भरावेत.

वाइन चाखायला बहुतेक ठिकाणी शुल्क असते, बाटली घेतल्यास पुष्कळदा ते वळते होते. हे आधी विचारावे. घ्यायचीच तर सेमियाँ, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षांची पांढरी वाइन, घ्यावी. इथे ती द्राक्षे लवकर खुडतात, त्यामुळे ताजी वाइन पाणचट, लिंबासारखी आंबट लागते. तीच काही वर्षे मुरली की मध आणि भाजलेल्या पावाची चव देते. ताजी स्वस्त बाटली पिऊन नाक मुरडणाऱ्यांनी जुनी मागून पाहावी. बाकीचे दिवस छान गेले, त्यांत सांगण्यासारखे काही नाही.

इथल्या कोळशाच्या खाणींची आठवण मात्र वाइनच्या फलकांखाली पार झाकली गेली आहे. शेजारच्या बेलबर्ड खाणीत १९२३ मध्ये २१ जण दगावले. १९२९ मध्ये रॉथबरीला खाणमालकांच्या टाळेबंदीने बेकार झालेल्या खाणकामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात नॉर्मन ब्राउन हा तरुण गेला. रॉथबरी मळ्यांना अगदी लागून आहे, तरी आमची सहलीची बस तिथे थांबली नाही. जायचे असल्यास बस ठरवतानाच तसे बजावून घ्यावे.