तुम्ही विचारलंत म्हणून: रिदमच वाजवायचं तर एवढी पेडलं कशाला?

मी बँडमध्ये रिदम गिटार वाजवते, म्हणजे गाण्यामागे कॉर्डचा ठेका धरते, सोलो घेतो तो लीडवाला. कार्यक्रम संपला की वायरी गुंडाळताना कुणीतरी हमखास येतं, माझ्या पायाशी मांडलेल्या पेडलांच्या (आवाज बदलणारी, पायानं चालू-बंद करायची खोकी) बोर्डाकडे बघतं आणि विचारतं, तुम्ही तर रिदम वाजवता ना, मग एवढी पेडलं कशाला, सोलो तर तो दुसराच घेतो. मग ओघानं पुढचा प्रश्न येतोच, की लीडवाल्यांनाच गिअरचं, म्हणजे या सामानाचं, वेड जास्त असतं का हो, आणि तेव्हा आमचा लीडवाला शेजारी उभा असेल तर तो उगाच खाली वाकून पॅच केबल शोधायला लागतो. आजवर मी "अहो लागतात" एवढं म्हणून वेळ मारून नेलीये. पण खरं उत्तर जरा लांबलचक आहे आणि त्यात माझंच बरंचसं बिंग फुटतं, तर ऐका.

या रोगाला नाव आहे, गॅस. स्टीली डॅन या अमेरिकन बँडमधल्या वॉल्टर बेकरनं १९९० च्या दशकात एका गिटारच्या मासिकात गंमत म्हणून यावर लिहिलं होतं, गिटार अ‍ॅक्विझिशन सिंड्रोम, म्हणजे गिटार घेत सुटण्याचा आजार, त्याची ही अद्याक्षरं. पुढे गिटारच्या जागी गिअर आलं, कारण पेडलं, अँप (अँप्लिफायर), पिकअप (तारेची थरथर पकडणारा गिटारवरचा भाग), तारा, पट्टे सगळंच त्यात मावायला लागलं. मराठीत तर हा शब्द आणखीच चपखल बसतो, पार्सल येईपर्यंत माणूस शब्दशः गॅसवर असतो. आणि आलं की चार दिवसांत पुन्हा नवे डोहाळे.

आधी लीडवाल्याची बाजू मांडते, कारण त्याच्या वेडाला निदान काहीतरी आधार आहे. गिटारची तार छेडली की आवाज लगेच उतरायला लागतो, व्हायोलिनसारखा गज ओढून तो लांबवता येत नाही, आणि सोलोत तर एकच सूर धरून ठेवायचा असतो, म्हणजे मग गेन (सिग्नल वाढवत आवाज फाटेपर्यंत नेणं) हवा, नाहीतर कॉम्प्रेशन (मोठा आवाज दाबून बारका उचलणं) हवं, नाहीतर अँप इतका मोठा हवा की त्या आवाजानं तारच परत थरथरायला लागेल. वर एवढ्या सगळ्या वाद्यांमधून बाहेर यायचं असतं, म्हणजे बूस्ट, आवाजाला तेवढ्यापुरता धक्का, आला. ट्यूब स्क्रीमर नावाचं ते हिरवं पेडल इतकं का चालतं, तर ते खालचा बास कापतं आणि साधारण ७२० हर्ट्झच्या आसपासचा मधला भाग पुढे ढकलतं, त्यामुळे सोलो गर्दीतून वाट काढतो. नुसता गेन वाढवून हे होत नाही बरं का, गेन वाढवला की आवाज आणखी दाबला जातो आणि सोलो मोठा व्हायच्याऐवजी गुळगुळीत होऊन मागे जातो, हे आमच्या माणसाला समजायला दोन वर्षं लागली आणि त्या दोन वर्षांत त्यानं आवाज खरखरीत करणारे तीन डिस्टॉर्शन घेतले. तिसरा डिले, म्हणजे प्रतिध्वनी देणारं पेडल, का घेतला ते त्यालाही सांगता येत नाही.

आता माझं. रिदमवालीला खरं तर एकच आवाज पुरतो, फक्त त्या एका आवाजात दहा पायऱ्या हव्यात आणि त्या सगळ्या उजव्या मनगटात असतात. कुठला स्ट्रोक नुसता घासून जायचा, कुठला ठोकायचा, तळहाताची कड ब्रिजवर (तारा गिटारच्या अंगाला टेकतात तिथे) किती टेकवायची, कॉर्ड वाजली की डाव्या हाताची पकड किती पटकन सैल सोडायची म्हणजे ती कापल्यासारखी थांबेल, आणि हे सगळं ड्रमरच्या हाय-हॅटला, म्हणजे पायानं मिटणाऱ्या झांजांना, चिकटून. ठेका आम्ही दोघं मिळून धरतो. यातलं काहीही खोक्यात भरून विकायला येत नाही. म्हणजे तर्कानं बघायला गेलं तर मला गॅस व्हायलाच नको होता.

पण झाला, आणि चांगलाच झाला.

पहिला झटका एका ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे आवाज जरासा फाडणाऱ्या पेडलाचा. घरी एकटीनं लावून वाजवलं तर काय सांगू, भिंती हलल्यासारखं वाटलं, बास भरपूर, गेन भरपूर, एक कॉर्ड मारली की खोली भरून जायची. रिहर्सलला नेलं आणि मी गायबच झाले. मला माझंच काही ऐकू येईना म्हणून मी बास अजून वाढवला, मग बासवाल्यानं त्याचा आवाज वाढवला, ड्रमर जोरात मारायला लागला, गाणारी वैतागली. फोनवर केलेलं रेकॉर्डिंग नंतर ऐकलं तर नुसता चिखल. कारण अगदी साधं आहे, गिटारची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झची आणि बासची ४१ ची, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली, आणि मी माझी गिटार फुगवून त्याच्याच खोलीत घुसले होते. एकटीला ऐकताना जो आवाज भरलेला वाटतो तो बँडमध्ये दुसऱ्याची जागा खातो. शेवटी गेन निम्म्यावर आणला, बास जवळजवळ काढूनच टाकला, आणि मग घरी ऐकलं तर पत्र्याचा डबा वाजवल्यासारखं, पण बँडमध्ये चक्क बसलं. हे सगळं अँपच्या दोन बटणांवर झालं, पेडल बंद होतं तेव्हा. तरी ते पेडल परत करायचं काही मला सुचलं नाही, बोर्डावर राहिलं, दिसतं छान.

यापुढची यादी जरा लाजिरवाणी आहे. कॉम्प्रेसर घेतला, कारण माझे स्ट्रोक एकसारखे पडत नव्हते, एक मोठा एक बारीक, आणि कॉम्प्रेसर मोठ्याला दाबून बारक्याला वर उचलतो म्हणजे कुणाला कळत नाही. कळतं, म्हणजे माझा कच्चेपणा झाकला गेला पण त्याबरोबर त्या दहा पायऱ्याही सपाट झाल्या. मग बारीक आवाज कापून टाकणारा नॉइज गेट घेतला, का तर न वाजवलेल्या तारा गुणगुणत राहायच्या. त्या गुणगुणायच्या कारण माझा डावा हात आळशी होता, शेजारच्या तारेला बोटाचं टोक नुसतं टेकवलं तरी ती गप्प बसते, ही पहिल्या वर्षाला शिकायची गोष्ट. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, मी त्याच्याही पुढची पायरी गाठली होती, दर दोन-तीन महिन्यांनी नवीन अंगण घरपोच मागवत होते. एकदा बोर्ड पुसताना बसल्या बसल्या हिशोब केला तर प्रत्येक पेडलाच्या मागे माझी एकेक खोड निघाली, जी सुधारायला रोजची वीस मिनिटं पुरली असती.

एक मात्र अपवाद, लूपर, म्हणजे वाजवलेलं भरून घेऊन परत परत फिरवणारं पेडल. घेतला तो मिरवायलाच, स्वतःवरच सोलो वाजवू म्हणून. चार बार (ठेक्याची चार आवर्तनं) रिदम भरून घेतली आणि ती फिरायला लागली तर जोडावर दर वेळी उचकी. चौथ्या बारला मी घाई करते हे मला इतक्या वर्षांत एकाही माणसानं तोंडावर सांगितलं नव्हतं, ड्रमर बिचारा सांभाळून घेत होता. ठोके मोजणाऱ्या मेट्रोनोमशी मी भांडायचे, तो चुकतोय असं वाटायचं मला, पण लूपर म्हणजे मीच, त्याच्याशी काय भांडणार. तर गिअर घेणं वाईटच असतं असंही म्हणवत नाही, हे माझ्या मूळ मुद्द्याला जरा गैरसोयीचंच आहे.

मध्यंतरी रिदमच्या मोठ्या लोकांबद्दल वाचत होते तेव्हा एक मजेशीर गोष्ट लक्षात आली, यातल्या बऱ्याच जणांनी काहीतरी काढून टाकलंय. एसी/डीसी या रॉक बँडचा माल्कम यंग, त्याची १९६३ ची ग्रेच कंपनीची गिटार, तिच्यातला गळ्याकडचा पिकअप त्यानं काढूनच टाकला, भोक तसंच, ब्रिजजवळचा एकच ठेवला, जाड तारा चढवल्या आणि अँपवर गेन आपल्याला वाटतो त्यापेक्षा खूपच कमी. ऐकताना मात्र भिंत कोसळल्यासारखं वाटतं. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सनं ओपन जी ट्यूनिंगसाठी (तारा मोकळ्या छेडल्या की जी कॉर्डच वाजते) सहावी तारच उतरवली, राहिल्या पाच, जी डी जी बी डी, आणि त्या पाचांवर अख्खं करिअर. आणि फ्रेडी ग्रीन, हा माझा सगळ्यात लाडका, काउंट बेसीच्या जॅझ ऑर्केस्ट्रात १९३७ ला आला आणि १९८७ ला गेला तोपर्यंत, म्हणजे जवळपास पन्नास वर्षं, बारला चार ठोके. बहुतेक वेळ अँपसुद्धा नाही, समोर तुताऱ्यांची अख्खी फौज आणि हा लाकडी गिटार घेऊन बसलेला, सोलो जवळजवळ नाहीच. पूर्ण कॉर्ड धरल्यासारखी दिसायची पण बऱ्याचदा त्यातला एखादाच सूर खरा वाजायचा, बाकी नुसता ठेका. त्याचा आवाज शोधायला गेलं तर सापडत नाही, काढून घेतला तर ऑर्केस्ट्रा लंगडेल.

हे वाचून मी महिनाभर फार शहाण्यासारखी वागत होते, रिदमवाले म्हणजे साधू आणि लीडवाले म्हणजे लोभी असं सगळ्यांना ऐकवत फिरले. मग आमच्या लीडवाल्यानं शांतपणे विचारलं, ब्रायन मे लीडच ना? आता याला काय उत्तर देणार. त्यानं १९६३ पासून वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला घेतली, दांडी जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची, आणि आपल्या क्वीन बँडबरोबर जन्मभर मुख्यतः तीच वाजवली. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मरनं २०१९ ला शंभरावर गिटार एकदम लिलावात काढल्या, पैसे हवामानबदलावर काम करणाऱ्या संस्थेला दिले, तेही लीडच. आणि माझा तो पाच तारांचा साधू स्टेजमागे ढीगभर गिटार बाळगतो, का तर ट्यूनिंग वेगवेगळी, सबब तयार. म्हणजे वेड दोन्हीकडे आहे, फक्त लीडवाला ऐकू यावं म्हणून घेतो आणि मी माझं उघडं पडू नये म्हणून घेते, निदान आमच्या घरचा अनुभव तरी असाच आहे.

बाय द वे, गिब्सनच्या लेस पॉल गिटारवर पिकअपच्या स्विचभोवती जी गोल चकती असते तिच्यावर काय छापलेलं असतं बघितलंय का? एका बाजूला रिदम आणि दुसऱ्या बाजूला ट्रेबल, म्हणजे तीक्ष्ण आवाज. लीड नाहीच. फेंडर कंपनीनं १९५८ ला जॅझमास्टर गिटार काढली तिच्यात तर रिदमसाठी वेगळं सर्किटच दिलं, वरच्या कडेला एक स्विच, तो सरकवला की फक्त गळ्याकडचा पिकअप चालू आणि त्याचा आवाज आणि टोन आधीच लावून ठेवलेला. म्हणजे तेव्हा एकाच माणसानं एकाच गिटारवर दोन्ही कामं करायची असंच गृहीत होतं. अगदी साध्या गिटारवरसुद्धा हे जमतं, व्हॉल्यूमचं बटण सातवर ठेवून रिदम वाजवायची आणि सोलो आला की दहावर न्यायचं, करंगळी पोचते तिथे. मला हे बटण गिटारवर कशाला असतं हेच कितीतरी वर्षं माहीत नव्हतं, ते मी कायम दहावर ठेवायचे आणि आवाज कमी करायला पेडल शोधायचे.

तर उत्तर हे असं आहे. एवढी पेडलं लागत नाहीत. मागच्या आठवड्यात कॉम्प्रेसर आणि गेट काढून ठेवले, बोर्डावर दोन चौकोनी डाग उरलेत, पहिल्या रिहर्सलला तारा जरा गुणगुणल्या, दुसऱ्याला कमी. ड्रमर म्हणाला आज काय केलंस वेगळं, मी म्हटलं काही नाही.

पण त्या रिकाम्या डागांकडे बघवत नाही, तेव्हा सध्या कार्टमध्ये एक ट्रेमोलो पडून आहे. ते काय करतं, तर ठरवलेल्या लयीत आवाज आपोआप वर-खाली करतं. म्हणजे थोडक्यात माझ्या उजव्या हाताचं काम. दिसतंय मला ते. अजून काढलेलं नाहीये कार्टमधून.