चेस्ट फ्रीझरला नळ बसवले त्याची गोष्ट

घरी बनवलेली बिअर बाटल्यांत भरायचा कंटाळा आला, एवढंच खरं कारण. पाच गॅलनची एक बॅच म्हणजे पन्नासेक बाटल्या, त्या धुवा, सॅनिटाइझ करा, भरा, एकेकीवर झाकण दाबा, रविवार गेला. मी डेट्रॉइटजवळ राहतो. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यापासून घरच्यापुरती बिअर घरी बनवता येते, दोन मोठी माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन, फक्त विकायची नाही. त्यामुळे या नादाचं सगळं सामान इथे सहज मिळतं. मग ठरवलं, बाटल्यांऐवजी बिअर केगमध्ये, म्हणजे स्टीलच्या उंच पिंपात भरायची, केग फ्रीझरमध्ये गार ठेवायचा आणि सीओटू (कार्बन डायऑक्साइड) गॅसच्या दाबाने बिअर नळातून ग्लासात काढायची.

शेजारी घर बदलत होते, त्यांचा ७ क्युबिक फुटाचा चेस्ट फ्रीझर स्वस्तात मिळाला. ठेवला बेसमेंटमध्ये. गॅरेजमध्ये जागा होती, पण मिशिगनच्या जानेवारीत गॅरेजच फ्रीझर होतं, तिथे ठरवलेल्या तापमानाला फ्रीझर चालू-बंद करणारा कंट्रोलर बिचारा काय करणार.

यात एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की हवी, फ्रीझरच्या भिंतीला ड्रिल लावायचं नाही. पत्र्याच्या लगेच मागे गॅसच्या नळ्या फिरवलेल्या असतात, एक भोक चुकीच्या जागी पडलं की फ्रीझर भंगारात. म्हणून झाकण काढून मध्ये लाकडी चौकट बसवतात, तिला कॉलर म्हणतात, आणि नळांची भोकं त्या लाकडात पाडतात. टू बाय एटच्या फळ्या, आतून फोम बोर्ड, फटींना सिलिकॉन, एक इंचाचा होल सॉ (ड्रिलला लावायचं गोल भोक पाडणारं पातं), सुतारकाम खरंच अवघड नाही. चौकट मी झाकणालाच जोडली. उघडलं की नळांसकट सगळं वर जातं आणि पंचवीस किलोचा भरलेला केग चौकटीवरून उचलून आत सोडावा लागत नाही. चाळिशीनंतर कंबरेचा विचार करूनच डिझाइन करावं!

टेंपरेचर कंट्रोलर म्हणजे फ्रीझरचा प्लग त्यात आणि तो भिंतीत, बस. ३८ फॅरनहाइटला लावला, म्हणजे तीन-साडेतीन सेल्सिअस. सेन्सर हवेत लोंबकळत ठेवला तर झाकण उघडलं रे उघडलं की कॉम्प्रेसर सुरू, म्हणून तो केगला चिकटवून वर फोमचा तुकडा टेपने लावला.

खाली तीन केग आणि कॉम्प्रेसरच्या उंचवट्यावर पाच पाउंडाचा सीओटूचा सिलिंडर. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, इथे आळस नको, कारण बारीक लीक असला तर रात्रीत सिलिंडर रिकामा. एक मात्र सांगतो, सिलिंडर बाहेर असताना दाबाचा काटा ८०० पीएसआयच्या (पाउंड प्रति चौरस इंच) वर असतो आणि आत थंड झाला की ५०० च्या आसपास येतो. तो लीक नाही, थंडीने दाब उतरतो, उगाच सगळं उघडत बसू नका.

खरा वैताग फेसाचा. बिअर थंड, प्रेशर १२ पीएसआय, सगळं बरोबर आणि ग्लासात पाऊण फेस, तोही फक्त पहिल्या ग्लासात, लगेच दुसरा भरला तर छान. तेव्हा कळलं की गार हवा तळाशी बसते आणि वर कॉलरपाशी नळ आणि नळीचं टोक कोमटच राहतं, बिअर तिथे पोचली की गॅस सुटतो. कॉम्प्युटरचा जुना छोटा पंखा तळाकडून वर हवा फेकेल असा लावला, केगपासून नळापर्यंतच्या नळ्याही बदलल्या, ३/१६ इंचाच्या, प्रत्येकी दहा फूट, वेटोळं करून केगवर ठेवलेल्या. लांब बारीक नळीत दाब हळूहळू मरतो आणि बिअर शांतपणे बाहेर येते. माझ्या मते या सगळ्यात पैसे वसूल त्या पंख्याने केले. पंख्याशेजारी ओल शोषायचा डबा ठेवा, नाहीतर लाकडाला बुरशी धरते.

तिसऱ्या नळावर कोकम सोडा आहे, बायको आणि मुलांसाठी. त्याला गॅस जास्त लागतो, ३० पीएसआय, म्हणून वेगळा रेग्युलेटर (गॅसचा दाब ठरवणारी चावी) आणि बिअरपेक्षा बरीच लांब नळी. आई रत्नागिरीहून आली तेव्हा म्हणाली, "फ्रीजला नळ कसले लावलेस रे, पाणी येत नाही का घरात?" मग ग्लासभर पिऊन म्हणाली जिरं कमी पडलंय. जिरं वाढवलं, पण पूड नाही, उकळून गाळलेलं पाणी, पूड केगच्या पॉपेटमध्ये, म्हणजे तोंडाशी असलेल्या छोट्या झडपेत अडकते. आणि ती नळी आता कोकमाचीच, वास असा बसलाय की त्यातून बिअर काढायचा प्रश्नच नाही.