स्पॅनिश शिकायला जाताय? मग इंग्रजी घरीच ठेवून जा

मागच्या काही महिन्यांत रावेर, सावदा, फैजपूरकडच्या बऱ्याच मुलामुलींनी मला विचारलं की ताई स्पॅनिश शिकायचीय, ॲपवर शिकू का क्लास लावू का डायरेक्ट बाहेरच जाऊ, आणि जायचं तर स्पेनलाच का अजून कुठे. विचारणाऱ्यांतला एक जण केळीच्या पॅकहाऊसमध्ये कामाला आहे आणि त्याचं कारण मला फार म्हणजे फार पटलं. जगात सगळ्यात जास्त केळी बाहेर पाठवणारा देश म्हणजे इक्वेडोर, त्याच्याशिवाय कोस्टा रिका, ग्वाटेमाला, कोलंबिया, हे सगळे स्पॅनिश बोलणारे. पनामा रोगाचा, म्हणजे केळीच्या मर रोगाचा, तो टीआर४ प्रकार २०१९ मध्ये कोलंबियात सापडला तेव्हा तिथल्या सरकारने थेट आणीबाणी जाहीर केली, आणि त्यानंतर बाग कशी जपायची, बूट-अवजारं कशी धुवायची, गेटवर माणसं कशी थांबवायची यावर तिकडे शेतकऱ्यांसाठी जे साधं सोपं लिहिलं गेलं, व्हिडिओ निघाले, ते स्पॅनिशमध्ये आहे. आपल्या बागाईतदाराच्या घरातल्या एखाद्या पोराला किंवा पोरीला ते सरळ वाचता आलं तर किती मोठी गोष्ट आहे ही.

तर म्हटलं प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच काढू.

माझं म्हणणं एकच आहे, की स्पॅनिश शिकताना इंग्रजीला मधे बसवू नका. शाळा निवडताना, घर निवडताना, व्याकरण समजून घेताना, कुठेच नको. कारण आपल्याकडच्या माणसाला नवीन भाषा कशी येते हे आपण लहानपणापासून बघतोय. आमच्या घरी लेवा बोली, वडिलांची बदली धुळ्याला झाली तर गल्लीत सगळी अहिराणी, शाळेत पुस्तकातली मराठी, भुसावळला मामाकडे गेलं की रेल्वे क्वार्टरमध्ये हिंदी. अहिराणी मला कुणी शिकवली का? शेजारच्या मोठी माय दारात बसून विचारायच्या, "काय करी ऱ्हायनी वं?" आणि मी काहीतरी उत्तर द्यायचे, चुकलं की त्या बरोबर करून परत म्हणायच्या, आणि संध्याकाळपर्यंत ते वाक्य आपलं झालेलं असायचं. मधे तिसरी भाषा नव्हतीच. परदेशात जाऊन भाषा शिकण्यासाठी लोक जे पैसे मोजतात ना, ते ह्याच्यासाठीच मोजतात.

मी आधी पुण्यात बेसिक शिकले, मग स्पेनमधल्या एका मोठ्या शहरात थोडे आठवडे गेले आणि नंतर मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाला. स्पेनबद्दल वाईट काही सांगायचं नाहीये, सालामांकासारखं गाव, जिथलं विद्यापीठ १२१८ सालापासून आहे, तिथे भाषा शिकायला जगभरातून माणसं येतात आणि शिकतातही छान. पण ग्रुप क्लासचं गणित बघा, वर्गात दहाबारा जण, जर्मन, ब्राझीलचे, कोरियन, बाईंनी प्रश्न विचारला की तुमच्या वाट्याला एखाददुसरं वाक्य येणार, आणि सुट्टी झाली की कॉफीच्या मशीनपाशी सगळे इंग्रजीत सुरू. राहायला फ्लॅट शेअरिंग असेल तर तिथेही तेच. म्हणजे तुम्ही स्पेनमध्ये राहून दिवसातले जास्त तास इंग्रजी बोलताय. शिवाय आपल्याला शेंगेन व्हिसा, ९० दिवसांच्या वर राहायचं तर स्टुडंट व्हिसा, आणि खर्च युरोत.

ग्वाटेमालात पद्धतच वेगळी आहे. तिथे अँटिग्वा आणि केत्साल्तेनांगो (ह्याला सगळे शेला म्हणतात) ही दोन गावं स्पॅनिश शिकवण्यासाठीच ओळखली जातात. अँटिग्वा ही जुनी राजधानी, १७७३ च्या भूकंपात पडझड झाली म्हणून राजधानी हलवली, आणि ते पडके चर्च, दगडी रस्ते अजून तसेच आहेत, १९७९ पासून जागतिक वारसा यादीत. दिसायला फार सुंदर, अंगणातून ज्वालामुखी दिसतात आणि त्यातला फुएगो अधूनमधून धूर सोडत असतो. पण टुरिस्ट खूप, त्यामुळे दुकानदार पण पटकन इंग्रजीवर येतो. शेला साधारण २,३०० मीटर उंचीवर, थंडगार (आपल्या मे महिन्यातल्या जळगावातून जाणाऱ्याने स्वेटर न्यावाच), आणि तिथे टुरिस्ट त्या मानाने कमी. मी शेलाच सांगेन.

दोन्ही गावांत पद्धत एकच, एक शिक्षक आणि एक विद्यार्थी. खरंच एकच. पॅटिओत, म्हणजे घराच्या मधल्या अंगणात, छोटी छोटी टेबलं मांडलेली, समोरासमोर दोन खुर्च्या, एक वही, रोज चार-पाच तास, सोमवार ते शुक्रवार. लपायला जागाच नाही. माझ्या बाईंना इंग्रजी अजिबात येत नव्हतं आणि हे माझं नशीब. एके सकाळी त्यांनी विचारलं घरी काय करतात, मी म्हटलं केळीची बाग आहे, तर त्यांनी वहीचं कोरं पान माझ्याकडे सरकवलं, झाड काढ म्हणाल्या. मी खोड काढलं, पानं काढली, घड, त्याच्या फण्या, बुंध्याशी पील, म्हणजे खाली फुटणारं नवीन रोप. प्रत्येक गोष्टीवर बोट ठेवून त्या शब्द सांगत गेल्या, घड म्हणजे रासिमो, फणी म्हणजे मानो, पील म्हणजे इहो, मग पेन माझ्या हातात देऊन म्हणाल्या आता लावणीपासून कटाईपर्यंत सगळं सांग. मृगबाग आणि कांदेबाग (आपल्याकडचे केळी लावायचे दोन हंगाम) म्हणजे काय हे स्पॅनिशमध्ये समजावताना घाम फुटला पण समजावलं. घड झाकायला आम्ही काय वापरतो, पीलबाग, म्हणजे पिलांवर घेतलेली पुढची बाग, किती वेळ ठेवतो, मजूर कटाईला किती वाजता येतात, सगळं त्या विचारत गेल्या आणि तो अख्खा तास मी बोलत होते. ह्यातला एकही शब्द विसरणं शक्य नाही मला.

आता व्याकरण. इथे मला मराठी माणसांना मनापासून सांगायचंय, की इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकांत जे धडे फार अवघड म्हणून दिलेले असतात, ते मराठीतून गेलात तर तेवढे अवघड नाहीत. 'मला आंबे आवडतात' हे स्पॅनिशमध्ये 'मे गुस्तान लोस मांगोस', रचना जशीच्या तशी, क्रियापद आंब्यांप्रमाणे बदलतं. इंग्रजीवाल्यांना हे उलटं वाटतं, आपल्याला सरळ. भूतकाळ दोन प्रकारचे आहेत, त्यावर लोक महिनोन्महिने घालवतात. 'कोमी' म्हणजे मी खाल्लं, झालं, संपलं. 'कोमीआ' म्हणजे मी खायचे किंवा खात होते. आजी गोष्ट सांगायची आणि आजीने गोष्ट सांगितली, हा फरक आपल्याकडे चौथीतल्या पोराला पण कळतो, तोच तो. आणि सबहुन्तिवो म्हणून जो प्रकार आहे ज्याला सगळे घाबरतात, 'किएरो के बेंगास', ते म्हणजे 'तू यावंस असं मला वाटतं' मधलं यावंस. हे नियम कायम शंभर टक्के जुळतात असं नाही, पण दार उघडायला पुरतात. लिंगाप्रमाणे विशेषण बदलणं आपल्याला नवीन नाही, उलट आपल्याकडे तीन लिंगं, त्यांच्याकडे दोनच. त-द चा उच्चार आपल्यासारखाच दातापाशी, आणि लिहिलंय तसंच वाचायचं. सेर आणि एस्तार, म्हणजे 'असणे'ची दोन क्रियापदं, हे मात्र खरोखर वेगळं आहे, त्याला मराठीतून शॉर्टकट नाही, ते बोलून बोलूनच बसतं. आणि फिरता र, तो पण बऱ्यापैकी येतो आपल्याला, फक्त डबल र ला जरा जोर लावावा लागतो.

पण खरी शाळा घर. ह्या शाळा तुम्हाला गावातल्या एखाद्या कुटुंबात ठेवतात, एक खोली आणि दिवसाची तीन जेवणं (रविवारी बहुतेक घरांत जेवण नसतं, ते आधी विचारून घ्या). ज्या घरी मी राहिले तिथल्या बाई, मी त्यांना मनातल्या मनात मावशीच म्हणायचे, त्यांची मातृभाषा किचे, म्हणजे तिथल्या वीसहून जास्त माया भाषांपैकी एक. स्पॅनिश मावशी शाळेत शिकल्या. जशी मी मराठी शिकले तशी! त्यामुळे त्यांचं बोलणं सावकाश, शब्द न शब्द कळेल असं, आणि न येणाऱ्या माणसाबद्दल त्यांना जी समज होती ती मला फार कमी ठिकाणी दिसली. संध्याकाळी त्या मक्याच्या तोर्तिया थापायच्या, दोन्ही तळव्यांत फिरवत, टप टप टप, अगदी आपल्याकडे भाकरी थापतात तशा, आणि कोमालवर टाकायच्या, तो मातीचा तवा. पहिल्या आठवड्यात मी नुसती बघायचे, नंतर पिठाचा गोळा हातात घेतला. हात कामात असले की जीभ सुटते हे मी तिथे बघितलं, टेबलावर बसून जे वाक्य जुळत नव्हतं ते चुलीपाशी आपोआप बाहेर यायचं. भाव काय, पाऊस कधी, धाकट्याला शाळेत काय झालं, नवऱ्याची शिफ्ट, हेच विषय. कुठल्याही घरात हेच विषय असतात, आणि तेच शब्द रोज रोज परत येतात, म्हणून ते पक्के होतात.

आपल्याकडच्या शाकाहारी लोकांसाठी एक. 'सिन कार्ने' म्हणजे मांस नको एवढंच सांगितलं तर चिकन येऊ शकतं ताटात, कारण कार्ने म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोक्यात बीफच येतं. सिन पोयो, सिन पेस्कादो हे पण म्हणा, म्हणजे कोंबडी नको, मासे नको. आणि काळे घेवडे, फ्रिहोलेस, रोज असतात आणि छानच लागतात पण ते कधी कधी डुकराच्या चरबीत, मान्तेकात, परततात, तेव्हा तेलात करा म्हणून पहिल्याच दिवशी सांगा. शाळेला आधी कळवलं असेल तर तसं घर देतात. माझी जेवणाची काहीच आबाळ झाली नाही, फक्त ठेचा सोबत नेला होता तो मावशींच्या मोठ्या मुलाने संपवला.

जायच्या आधी इथे ए१, म्हणजे भाषेची पहिली पातळी, तरी पूर्ण करा, जमलं तर त्याच्या पुढची ए२. शून्यावर गेलात तर पहिले आठवडे अंक, वार आणि रंग शिकण्यात जातील, जे घरी बसून फुकटात होतं. ॲप चांगलं आहे शब्दांसाठी, वापरा. सर्टिफिकेट हवं असेल तर डेले परीक्षा, ती इन्स्तितुतो सेर्वान्तेसची, म्हणजे स्पेन सरकारच्या भाषासंस्थेची, त्यांचं केंद्र दिल्लीत आहे, आणि त्या सर्टिफिकेटला मुदत नसते. ग्वाटेमालाला इथून थेट विमान नाही, तिकीट महाग पडतं, म्हणून आठवड्यासाठी जाऊ नका, गेलात तर निदान दीड-दोन महिने काढता येतील असं बघा. ज्यांना आत्ता जाणं शक्यच नाही त्यांच्यासाठी तिथले बरेच शिक्षक ऑनलाइन पण शिकवतात, वेळेत साडेअकरा तासांचा फरक आहे, म्हणजे त्यांची सकाळ ती आपली रात्र, शेतातली कामं आटोपून बसायला उलट सोयीचं.

आणि शाळा ठरवताना मेल करून तीन गोष्टी विचारा, पैसे भरायच्या आधी. मला जी शिक्षिका देणार तिला इंग्रजी येतं का, आणि येत नसेल तर फार चांगलं असं तुम्हीच लिहा. ज्या घरी ठेवणार तिथे त्याच वेळी दुसरा परदेशी विद्यार्थी आहे का, असेल तर दुसरं घर मागा. आणि जेवण घरच्यांबरोबर एका टेबलावर असतं का पाहुण्यांचं वेगळं वाढतात. ह्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गोलगोल आलं तर दुसरी शाळा बघा, शेलात भरपूर आहेत.