टेलेमानचे बेडूक आणि एल्बची भरती

जर्मनीतलं हॅम्बर्ग समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत आहे, तरी इथे दिवसातून दोनदा भरती येते. खाडीकाठी वाढलेल्यांनाही एवढ्या आत म्हटल्यावर नवल वाटतं. एल्ब नदीचं पाणी साडेतीन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. बोटींचा धक्का पाण्यावर तरंगता, त्यामुळे ओहोटीला त्यावर उतरायचे पूल चांगलेच कलतात आणि सामान घेऊन वर येताना दम लागतो.

ही भरती संगीतकार गेओर्ग फिलिप टेलेमाननं १७२३ साली 'हॅम्बर्गर एब उंड फ्लूट' (हॅम्बर्गची भरती-ओहोटी) या रचनेतून वाद्यवृंदात आणली. तो इथल्या पाच मुख्य चर्चच्या संगीताचा प्रमुख होता आणि शहराच्या आरमारी खात्याची शताब्दी होती. आता संथ चढणाऱ्या पाण्याला आवाज तरी कुठला? त्यानं नक्कल केली ती चालीची. व्हायोलिनचे स्वर पायरी-पायरीनं वर जातात, फुगतात, तसेच ओसरतात. नाव माहीत नसलं तरी अंग डोलतं. सगळ्यात शेवटी मजेत आलेल्या खलाशांचा नाच.

त्याचीच 'आल्स्टर ओव्हर्चर' ही वाद्यवृंदाची रचना जास्त खट्याळ. आल्स्टर म्हणजे एल्बला मिळणारी छोटी नदी. शहराच्या मधोमध अडवून तिचं तळं केलंय. या रचनेत चार हॉर्न (फुंकून वाजवायची पितळी वाद्यं) आहेत, घंटांचा नाद आहे, हंस आहेत (तळ्यातले हंस आजही महापालिकेचा माणूस थंडीच्या तोंडावर बोटीत घालून दुसऱ्या तळ्यावर नेतो!) आणि बेडूक-कावळ्यांची चक्क जुगलबंदी. मुद्दाम खटकणारे सूर, खरखरीत आवाज. ऑर्केस्ट्राच्या मैफलीला टाय लावून आलेली मंडळी खुदकन हसताना मी इथेच पाहिली.

त्याच मैफलीत बीबर या संगीतकाराची १६७३ची 'बातालिया' (म्हणजे लढाई) ही रचनाही होती. बास (खर्जातलं मोठं तारवाद्य) वाजवणाऱ्यानं खिशातून कागदाची पट्टी काढली, तारांमध्ये सरकवली आणि गज फिरवला. तार थरथरून कागदावर आपटली, निघाला तो ताशासारखा कर्कश आवाज. बीबरला लष्करी ढोल हवा होता, पण वाद्यवृंदात तारवाद्यंच होती, म्हणून ही युक्ती. मला तंबोऱ्याची जवारी आठवली: तिथेही तारेखाली दोरा सरकवूनच आवाज खुलवतात, फक्त हेतू उलटा. याच रचनेत दारू प्यालेले शिपाई एकाच वेळी वेगवेगळी गाणी वेगवेगळ्या पट्टीत म्हणतात. पहिल्यांदा ऐकताना धमाल येते. दुसऱ्यांदा मात्र मी तो भाग संपायची वाट बघत होते. भरतीचं तसं होत नाही.

विवाल्डीच्या 'वसंत'मधला भुंकणारा कुत्रा बहुतेकांना ठाऊक असतो; शेळ्या राखणारा झोपलाय आणि व्हायोला (व्हायोलिनची जरा मोठी बहीण) एकसारखी भुंकतेय. तो आवडला असेल तर टेलेमान नक्की ऐका. यूट्यूबवर त्याच्या या दोन्ही रचना सापडतील. जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर वाजवलेली निवडा, कारण तिथले हॉर्न जरा रांगडे लागतात आणि बेडकांना तेच शोभतं.